उपसा थांबलेला आड

वाचकाचे पत्र

“माझे वय ४३. दिघीला राहतो. औंधच्या आयटीआयमधून टर्नरचा ट्रेड करून भोसरी एमआयडीसीत अप्रेंटिस म्हणून लागलो, तो आज एका लहान मशीन शॉपमध्ये सुपरवायझर आहे. दोन पाळ्या मिळून १४ माणसे हाताखाली आहेत. सुरुवातीची दहा-बारा वर्षे कामाचे वेड होते. आता रविवारची संध्याकाळ झाली की छाती जड होते. मालक शॉपमध्ये येतात ते रिजेक्शन आले की. तीन वर्षांपूर्वी मी एक फिक्श्चर (पीस मशीनवर पकडून ठेवणारी चौकट) तयार केले, त्यामुळे सेटिंगचा वेळ ४० मिनिटांवरून १५ मिनिटांवर आला. ग्राहक कंपनीच्या ऑडिटमध्ये मालकांनी ते स्वतःची कल्पना म्हणून दाखवले, तेव्हा मी शेजारीच उभा होतो. पाडव्याला पाच संकल्प केले : पहाटे पाचला उठणे, चालणे, ड्रॉइंगचे सॉफ्टवेअर शिकणे, इंग्रजी सुधारणे आणि चिडणे बंद करणे. आठव्या दिवशी सगळे संपले. जाता-येता मोबाइलवर प्रेरणादायी भाषणे ऐकतो, त्याने कारखान्याच्या फाटकापर्यंत बरे वाटते. गेल्या महिन्यात बीड जिल्ह्यातून आलेल्या १९ वर्षांच्या ट्रेनीच्या हातून एक बोअर, म्हणजे पीसमधले भोक, मापाबाहेर गेला. मी तो पीस सगळ्यांसमोर बाद मालाच्या लाल पेटीत टाकला आणि म्हणालो, ‘डोकं गावाला ठेवून आलास का?’ तेव्हापासून तो कामापुरतेच बोलतो. रात्री माझ्या लक्षात आले, की हे वाक्य माझे नाहीच, मालकांचे आहे. बायको म्हणते, ‘तुम्ही घरी येता, पण आलात असं वाटत नाही.’ मुलगा दहावीला आहे. पूर्वी भूमिती आवडीने सोडवायचा. आता ९० टक्क्यांना मोबाइल कबूल केला आहे, तरी बसत नाही. मी बोलका माणूस नाही. टाळ्या वाजवून ‘चला रे, चला’ म्हणणे मला जमत नाही. उत्साह टिकवायचा कसा? आणि आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? माझ्यापाशीच नसताना दुसऱ्यांना प्रोत्साहन कुठून द्यायचे?”

— एक सुपरवायझर, दिघी

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र पाच पानांचे होते. वर ते जागेअभावी आटोपशीर करून छापले आहे. मूळ पत्रात मालकांना तुम्ही जेमतेम पाऊण पान दिले आहे आणि त्या बीडच्या मुलाला दीड पान, हे मी मोजून पाहिले. उत्साह पार आटलेला माणूस एका ट्रेनीच्या उतरलेल्या चेहऱ्यावर दीड पान लिहीत नाही, त्यामुळे तुमच्या आडाविषयी मी तुमच्याइतका निराश नाही. मात्र त्याकडे वळण्याआधी एक गोष्ट उरकून घेऊ.

छाती जड होणे हा आधी डॉक्टरांचा विषय आहे, सदरलेखकाचा नंतर. त्रेचाळिशीत, पाळ्यांचे काम करणाऱ्या माणसाने ही तक्रार ‘मनाचे खेळ’ म्हणून अंगावर काढू नये. ईसीजी, रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ एवढे याच आठवड्यात तपासून घ्या, कारण यांतले काही कमी-जास्त असले तरी माणूस आपल्या स्वभावाला बोल लावत बसतो आणि प्रश्न प्रत्यक्षात एखाद्या गोळीने सुटणारा असू शकतो. कशातच रस न वाटणे, झोप आणि भूक बिघडणे, दिवसभर उदास असणे हे दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज चालू असेल, तर ते नैराश्य असू शकते आणि त्यावर चांगले उपचार आहेत. सरकारची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतूनही मिळते. तिथे फोन करणे म्हणजे वेड लागल्याची कबुली नव्हे, हे तुमच्या पिढीच्या पुरुषांना अजून सांगावे लागते म्हणून सांगतो.

आता पाडव्याचे संकल्प. तुमची दुसरी पाळी रात्री बारा वाजता सुटते, म्हणजे दिघीला पोचून, जेवून आडवे व्हायला एक वाजतो. त्यानंतर पहाटे पाचचा गजर लावायचा आणि आठव्या दिवशी तो बंद केला म्हणून स्वतःला आरंभशूर म्हणायचे, हा हिशेबच चुकीचा आहे. प्रौढ माणसाला सात तास झोप लागते आणि तुम्ही स्वतःला चार तास देत होता. सात दिवस तुम्ही ते कसे रेटलेत, याचेच मला आश्चर्य वाटते. एखाद्या ऑपरेटरने एकाच दिवशी पाच मशीनचे सेटिंग बदलले असते, तर तुम्ही त्याला काय म्हणाला असता, ते स्वतःलाही म्हणा आणि तो विषय बंद करा.

त्या भाषणांचे मात्र थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण तिथे एक घोटाळा आहे आणि तो शब्दाचाच आहे. ‘उत्साह’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर उड्या मारणारे, मोठ्याने बोलणारे, चेहऱ्यावर तेज असणारे कोणीतरी येते. परंतु या शब्दाच्या पोटात ‘सह्’ हा संस्कृत धातू आहे आणि त्याचा अर्थ सोसणे, तग धरणे असा आहे. ‘सहन’ हा शब्द त्याच घरातला. भरताच्या नाट्यशास्त्रात उत्साह हा वीररसाचा स्थायी भाव मानला आहे, म्हणजे मुळाशी टिकून राहणारा भाव. हर्षाची गणना मात्र येऊन-जाऊन असणाऱ्या व्यभिचारी भावांत केली आहे. मोबाइलवरचे भाषण तुम्हाला हर्ष देते, तो फाटकाशी येऊन संपतो, आणि तो संपला की तुम्ही समजता, उत्साह संपला. वास्तविक १९ वर्षांच्या मुलाला बोललेले एक वाक्य महिनाभर मनात घोळवणे, त्याची लाज वाटणे आणि त्याविषयी एका अनोळखी माणसाला पत्र लिहिणे यामागे जे आहे, तेच टिकणारे आहे. त्याला तुम्ही उत्साह म्हणून ओळखले नाही इतकेच. भाषणे ऐकायची तर जरूर ऐका, चहा प्यावा तशी ऐका. चहाने तरतरी येते, पोट भरत नाही.

तुम्ही आडाची म्हण वापरली आहे, म्हणून एक आठवण सांगतो. सदाशिव पेठेतल्या ज्या वाड्यात मी लहानाचा मोठा झालो, तिथे मागच्या अंगणात आड होता. रोज सकाळी अकरा बिऱ्हाडांचे पाणी रहाटाने निघायचे, आणि इतके पाणी निघूनही दुपारपर्यंत तो पुन्हा तेवढाच भरलेला असायचा. पुढे घरोघरी नळ आले. आडाला आता आराम, असे सगळ्यांना वाटले. दोन-तीन वर्षांत पाण्याला वास यायला लागला, पाला कुजला, पातळी खाली गेली आणि उन्हाळ्यात तळ दिसायला लागला. गाळ काढायला जो माणूस उतरला होता, तो वर येऊन माझ्या वडिलांना म्हणाला, “पाणी कुठं गेलं नाही, काका. उपसा नाही, म्हणून झरे बुजलेत.” वडिलांनी ते ऐकून घेतले आणि आड बुजवायचा निर्णय मात्र बदलला नाही, कारण वाड्यात स्कूटर लावायला जागा हवी होती. ते असो. आडात नसेल तर पोहऱ्यात येणार नाही, हे खरेच आहे. पण पोहरा सोडणेच बंद केले तर आडातही राहत नाही, ही म्हणीची दुसरी बाजू तो गाळ काढणारा माणूस जाणत होता.

मानसोपचारातही हेच अनुभवाला आलेले आहे. नैराश्याच्या उपचारांत एक पद्धत अशी आहे, की मन लागण्याची वाट पाहायची नाही. रोजच्या वेळापत्रकात एखादी लहान, ठरलेली, हातून होण्याजोगी कृती घालायची, ती मनाविरुद्ध का होईना करायची आणि मनाला मागाहून येऊ द्यायचे. ते पुष्कळदा येते. तेव्हा ‘आधी माझ्यात उत्साह येऊ दे, मग मी इतरांना देईन’ हा क्रम तुम्ही लावला आहे, तो उलटा करून पाहा, एवढेच माझे म्हणणे आहे. कसा करायचा, ते पुढे सांगतो.

निवृत्त होण्यापूर्वी मी एका कारखान्याच्या प्रशिक्षण विभागात होतो आणि त्याआधी त्याच विभागात शिकाऊ होतो. पहिले तीन महिने आम्हाला कानशीशिवाय काही हातात दिले नाही. लोखंडाचा एक ठोकळा व्हाइसमध्ये पकडायचा, घासायचा आणि त्याच्या सहाही बाजू लगतच्या बाजूंशी काटकोनात आणायच्या. हाताला फोड यायचे आणि ठोकळा काही चौकोनी व्हायचा नाही. आमचे निदेशक बोलायला अत्यंत कंजूष होते. संध्याकाळी ते प्रत्येकाचा ठोकळा घ्यायचे, त्याला गुण्या लावायचे आणि खिडकीकडे तोंड करून उजेडात धरायचे. ठोकळा आणि गुण्याचे पाते यांच्या फटीतून जिथे उजेड येईल, तिथे खोल गेलेले. माझ्या ठोकळ्यातून इतका उजेड यायचा, की मित्र म्हणायचे, याला वीज लागत नाही. आठव्या की नवव्या दिवशी निदेशकांनी तो ठोकळा डोळ्यांसमोर धरला, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ धरला आणि म्हणाले, “डाव्या कोपऱ्याला काल जास्त येत होता. आज कमी आहे.” आणि पुढच्याकडे गेले.

यात स्तुतीचा एक शब्दही नव्हता. ठोकळा त्या दिवशीही वाकडाच होता. तरी त्या रात्री मला लवकर सकाळ व्हावीशी वाटली, आणि का वाटली हे समजायला मला पुढची वीस वर्षे लागली. त्यांनी माझा कालचा ठोकळा लक्षात ठेवला होता. २४ पोरांच्या २४ ठोकळ्यांपैकी माझा डावा कोपरा त्यांना आठवत होता. प्रोत्साहनात कोणी कोणाला आपल्या साठ्यातले काही काढून देत नाही. समोरच्याच्या कामाकडे नीट पाहावे लागते, कालचे आठवावे लागते आणि जे दिसले ते सांगावे लागते. यासाठी आडात पाणी नसले तरी चालते, डोळे उघडे असले की पुरते. आणि मापे पाहण्याची सवय तर तुमच्या हाताला कधीपासून आहे.

हे कळूनही मी स्वतः चुकलोच. प्रशिक्षण विभागाचा प्रमुख झाल्यावर पहिल्याच खंडेनवमीला, यंत्रांना झेंडूच्या माळा घालून झाल्यावर, मी एक भाषण ठोकले. “आपण सर्वांनी यंदा उत्कृष्ट काम केले आहे, असाच उत्साह ठेवा,” वगैरे. टाळ्या झाल्या. पेढे वाटताना एक जुना फिटर माझ्याजवळ आला आणि अगदी आदराने विचारता झाला, “साहेब, कुठलं काम?” मला एकही सांगता येईना. त्याला खवचटपणा करायचा नव्हता. त्याला खरोखर ऐकायचे होते, की साहेबांनी काय पाहिले. सरसकट कौतुक हे असेच असते. ते कोणाच्याच पाठीवर पडत नाही आणि देणाऱ्याला मात्र दिल्याचे समाधान मिळते. मालकाचे न बोलणे जितके लागते, तितकेच हेही लागते, फक्त त्याची तक्रार करता येत नाही.

त्या मुलाकडे वळतो. पहिली गोष्ट, अपमान चारचौघांत झाला आहे, तेव्हा दिलगिरीही चारचौघांतच व्हायला हवी. केबिनमध्ये बोलावून खांद्यावर हात ठेवून केलेली दिलगिरी सोपी असते आणि तिचा उपयोगही तेवढाच असतो. त्याच मशीनपाशी, ज्यांनी ते वाक्य ऐकले त्यांपैकी निम्मे तरी हजर असताना, दोन वाक्यांत सांगा : “त्या दिवशी मी जे बोललो ते चुकीचं होतं. पीस गेला त्याबद्दल बोलायला हवं होतं, तुझ्याबद्दल नाही.” तिसरे वाक्य जोडू नका. विशेषतः ‘पण’ने सुरू होणारे जोडू नका. तो मुलगा बहुधा मान खाली घालून “ठीक आहे, सर” म्हणेल आणि तुम्हाला वाटेल, काहीच झाले नाही. वाटू द्या.

दुसरी गोष्ट, तो बोअर का गेला, हे पत्रात कुठेच लिहिलेले नाही, आणि सुपरवायझरच्या पत्रात ही उणीव मला खटकली. इन्सर्ट (हत्याराचे कापणारे टोक) झिजले होते का? ऑफसेट (मशीनला दिलेली मापाची दुरुस्ती) देताना अधिक-उणे चिन्ह उलटे पडले का? मशीन सकाळी थंड असताना पहिला पीस मोजला आणि तापल्यावर पुन्हा मोजलाच नाही, असे झाले का? की बोअर गेज शून्यावर लावायला त्याला कोणी शिकवलेच नव्हते? यांतली शेवटची शक्यता खरी निघाली, तर चूक कोणाच्या नावावर जाते, ते तुम्हीच पाहा. ‘डोकं गावाला ठेवून आलास का’ या प्रश्नाला उत्तर नाही. ‘शेवटचं माप कितव्या पीसला घेतलं होतंस?’ या प्रश्नाला उत्तर आहे, आणि ज्या प्रश्नाला उत्तर देता येते तो प्रश्न माणसाला उभा करतो. पुढचा महिनाभर त्याच्या कामात रोज एक तरी ‘डावा कोपरा’ शोधा. बर (कापल्यावर कडेला राहणारी धारदार कोर) नीट काढली असेल, मापांची नोंद वेळेवर असेल, कुलंटची (मशीन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) पातळी न सांगता पाहिली असेल. जे दिसेल तेवढेच सांगा, आणि काही दिसले नाही त्या दिवशी काही सांगू नका. खोटे कौतुक त्या वयाच्या मुलांना ताबडतोब कळते, आपल्याला वाटते त्यापेक्षा लवकर.

तुम्ही बोलके नाही, हे या कामात आडवे येत नाही. पुण्यात याचे मोठे उदाहरण आहे. धोंडो केशव कर्वे १८९१ पासून फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत होते आणि स्वभावाने भिडस्त म्हणून ओळखले जात. १९०० साली हिंगण्याला विधवांच्या आश्रमासाठी झोपडी उभी राहिली तेव्हा त्यांचे वय ४२ होते, म्हणजे तुमच्यापेक्षा एका वर्षाने लहान. महाविद्यालयातले शिकवणे संपवून ते चिखलातून, पावसातून हिंगण्याला पायी जात. सभा गाजवणे हा त्यांचा प्रांत नव्हता. १९१६ मध्ये महिला विद्यापीठ सुरू केले तेव्हाही ते तसेच अबोल होते. लोक त्यांच्यामागे आले ते त्यांचे रोजचे चालणे पाहून. तुम्हाला विद्यापीठ काढायचे नाही. बीडच्या एका मुलाचे बोअर मापात आणायचे आहेत.

स्वतःसाठी काय करायचे, हा तुमचा पहिला प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला. पाच संकल्पांच्या जागी एकच करा, आणि तोही दोन मिनिटांचा. पाळी संपताना, हँडओव्हरच्या वहीत सही करण्याआधी, खिशातल्या एका छोट्या डायरीत एक ओळ लिहा : आज कालच्यापेक्षा कुठे उजेड कमी आला. ‘तीन नंबरच्या मशीनचे रिवर्क आज दोनच.’ ‘आज एकदाही ओरडलो नाही.’ ‘आज ओरडलो, पण नंतर जाऊन बोललो.’ एखाद्या दिवशी लिहिण्यासारखे काही सापडले नाही, तर फक्त तारीख टाका. दिवस वाईट गेल्याचे तेवढे कळते आणि पुरे होते. तुमच्या कामात दिवसाला शेकडो पीस होतात, ट्रकमध्ये भरून निघून जातात आणि संध्याकाळी हातात काही उरत नाही. शेतकऱ्याला निदान पीक उभे दिसते. मशीन शॉपमधल्या माणसाला आपले काम दिसत नाही, ते कुठेतरी गाडीच्या पोटात जाऊन बसते. म्हणून ते कुठेतरी नोंदून ठेवावे लागते. ड्रॉइंगचे सॉफ्टवेअर शिकायचे असेल तर ते दिवाळीनंतर पाहू.

फिक्श्चरविषयी तुम्ही दोनच वाक्ये लिहिली आहेत, त्यांवरून ते किती लागले असेल याची कल्पना येते. त्या ऑडिटच्या दिवशी शेजारी उभे राहून ऐकणे सोपे नव्हते. यावर तुम्हाला कोणी ‘फळाची आशा धरू नये’ असे सांगेल, तर त्याचे ऐकू नका. हा उपदेश मला नेहमी श्रेय घेणाऱ्यांकडूनच श्रेय हुकलेल्यांना केलेला आढळला आहे. अन्याय झाला आहे तर तो मनात मुरवत न ठेवता कागदावर आणणे बरे. एक पान करा : फिक्श्चर कोणत्या पार्टसाठी, कधी केले, सेटिंगचा वेळ आधी किती आणि नंतर किती, आठवड्याला साधारण किती सेटिंग होतात आणि त्यावरून तीन वर्षांत किती तास वाचले. हिशेब तुमच्याच नोंदींतून काढा, अंदाजे लिहू नका. खाली आणखी दोन पार्ट सुचवा, जिथे असेच काही करता येईल, आणि मालकांना वेळ मागून ते पान त्यांच्या हातात द्या. स्वर तक्रारीचा नको, लाचारीचाही नको. म्हणायचे एवढेच, की हे मी केले होते, पुढचे दोनही करीन, आणि या वेळी ग्राहकांसमोर ते मीच समजावून सांगीन. ते हो म्हणतील किंवा विषय टाळतील. टाळला, तरी ते पान तुमच्याजवळ राहते, आणि इतक्या वर्षांत तुम्ही काय केलेत हे मांडणारा असा कागद तुमच्याकडे आज एकही नसावा, असा माझा तर्क आहे. पुढेमागे दुसरीकडे जायचे ठरवलेत तर तोच सोबत येईल.

मुलाच्या मोबाइलचे असे आहे. १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला. रंगीत पेनांनी चित्रे काढायला ज्यांना मुळातच आवडत असे, अशी मुले निवडली. काहींना आधीच सांगितले, की चित्र काढलेस तर सोनेरी शिक्क्याचे प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता, चित्र काढून झाल्यावर ते दिले. काहींना काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनी तेच पेन पुन्हा मुलांसमोर ठेवले, तेव्हा कबूल करून बक्षीस दिलेली मुले इतरांच्या जवळजवळ निम्माच वेळ चित्रे काढताना दिसली. अवचित बक्षीस मिळालेल्यांची गोडी मात्र तशीच होती. ज्या कामात मुळातच रस नाही, त्याला बक्षिसाने असा धक्का बसत नाही, हेही पुढच्या अभ्यासांत आढळले. म्हणजे इतिहासाच्या सनावळ्यांसाठी मोबाइल लावला असता तर फारसे बिघडले नसते. तुमचा मुलगा भूमिती आपणहून सोडवायचा. आता ती मोबाइलचा हप्ता झाली आहे.

दिलेला शब्द मात्र मोडू नका. मोबाइल कबूल केला आहे तर तो द्यायचाच, आणि ८८ टक्क्यांना द्यायचा की नाही यावर घासाघीस करायची नाही. फक्त आजपासून त्याचा उल्लेख घरात बंद करा. सुटीच्या दिवशी गणिताचा दुसरा भाग घेऊन त्याच्याजवळ बसा आणि एखादे प्रमेय त्यालाच तुम्हाला समजावून सांगू द्या. तुम्ही टर्नर आहात. वर्तुळ, स्पर्शिका, टेपर (निमुळता उतार) यांच्याशी तुमचा जितका संबंध आला आहे, तितका त्याच्या वर्गातल्या बहुतेकांच्या वडिलांचा आला नसेल. टेपर कापताना कोन कसा काढता, हे त्याला एका कागदावर काढून दाखवा. त्याच्या कंपासपेटीत गुण्या असेलच.

पत्नीच्या वाक्यावर मी काही लिहिणार नाही, कारण त्यांनी जे सांगायचे ते आठ शब्दांत सांगून टाकले आहे. इतकेच सुचवतो, की घरात आल्यावर पहिली दहा मिनिटे मोबाइल खिशातच राहू द्या आणि त्यांचा दिवस कसा गेला ते विचारा. विचारल्यावर उत्तर पूर्ण ऐका. ट्रेनीसाठी सांगितलेली कालचे लक्षात ठेवण्याची गोष्ट इथेही लागू आहे, आणि इथे ती जरा उशिरा सुरू होते आहे.

तुम्ही लिहिले आहे, की हे उत्तर छापून येईल त्या आठवड्यात तुमची दुसरी पाळी असेल. ती साडेतीनला सुरू होते, आणि तुमच्याच पत्राप्रमाणे तो मुलगा सव्वातीनलाच येऊन, कोणी न सांगता, मशीनवरचा कीस झाडत असतो. पहिल्या पाळीची माणसे तेव्हा अजून तिथेच असतात. त्या दिवशी तुम्हीही सव्वातीनला पोचा.